हातभर अंतरावरचं पान

सगळे थांबले आणि धाकट्यानं वाजवलं. तालमीचा दिवस होता, ऐकायला बाहेरचं कुणी नव्हतं, एवढंच नशीब. त्या रचनेत तिसऱ्या पानाच्या शेवटी सगळा वाद्यवृंद चढत चढत वर जातो आणि एकदम गप्प होतो. चार मात्रा कुणी काही वाजवायचं नाही. मग लांबून कुठून तरी आल्यासारखी एकटी बासरी सुरू होते. त्या चार मात्रांत, झोपलेल्या घरात ताट पडावं तसा, धाकट्याच्या व्हायोलिनच्या गजाखालून एक खणखणीत स्वर निघाला आणि समोरच्या रिकाम्या खुर्च्यांवरून फिरून परत आला. वाद्यवृंदाच्या संचालकांना समोर सर म्हणायचं आणि पाठीमागं छडीवाले. छडीवाल्यांनी छडी खाली केली, मागच्या रांगेकडे पाहिलं आणि म्हणाले, "वा, बासरीला आज सोबत मिळाली." सगळे हसले. लाजेकाजेस्तव धाकटाही हसला. शेजारी बसलेला दादा मात्र हसला नाही. गज मांडीवर आडवा ठेवून तो समोर बघत राहिला, आणि त्याच्या मानेवरची शीर उडत होती. दादाला आपली लाज वाटली, असं धाकट्याला वाटलं.

साठीला टेकला तरी तो धाकटाच होता. वाद्यवृंदात दोघे सख्खे भाऊ, म्हणून एक थोरले, एक धाकटे. खरी नावं फक्त पगाराच्या कागदावर. व्हायोलिनच्या मागच्या रांगेत अगदी टोकाला दोघांची जागा. तिथं दोन माणसांत मिळून एक स्टँड असतो आणि स्टँडवर एकच पान. बाहेरच्या अंगाला बसणाऱ्यानं वाजवत राहायचं. आतल्यानं पान संपता संपता गज सोडायचा, हात लांब करून पान उलटायचं आणि पुन्हा ओळीत शिरायचं. आतला कायम धाकटा. इतकी वर्षं त्यानं दादासाठी पानं उलटली होती की घरी पेपर वाचतानाही तो पान अर्ध्यावर धरून क्षणभर उजवीकडे बघायचा, कुणाचं वाचून व्हायचंय का म्हणून. बायको म्हणायची, तुमच्या दादांनी तुम्हाला चांगलं वळण लावलंय, मला मेलीला ते जमलं नाही.

त्या दिवशी घरी जाताना तो रस्ताभर तीच चूक मनात पुन्हा पुन्हा वाजवत होता. रेघेला लटकणारा एक छोटा काळा ठोकळा म्हणजे गप्प बसायचं, हे त्याला अक्षरओळखीच्याही आधी शिकवलेलं. तो ठोकळा आज सुजला होता. त्याच्या कडा विरघळल्या होत्या, त्याला खाली शेपूट फुटल्यासारखं वाटलं होतं आणि हातानं डोळ्यांवर विश्वास ठेवला होता. आताशा असं होत होतं खरं. पाच रेघांच्या तीन व्हायच्या, ठिपके एकमेकांना चिकटायचे, आणि तो ओळखीच्या रस्त्यावरून अंधारात चालावं तसा सवयीनं पुढं जायचा. पण एवढ्यावर भागलं नव्हतं. चहाच्या सुट्टीनंतर छडीवाल्यांनी सगळ्यांना थांबवून सांगितलं होतं की पुढच्या हंगामाला माणसं कमी करायची आहेत, वरून तसं आलंय, तेव्हा मागच्या रांगांतल्या सगळ्यांनी एकेकट्यानं येऊन एक पान वाजवून दाखवायचं. "कधी न पाहिलेलं पान असेल. मी समोर ठेवीन ते." माणूस वाईट नव्हता, बोलताना जमिनीकडे बघत होता. खुर्ची गेली म्हणून तो उपाशी मरणार नव्हता, शिकवण्या होत्या. पण दादाच्या शेजारी बसल्याशिवाय वाजवायचं कसं, हे त्याला माहीत नव्हतं. त्यानं ते कधी करून बघितलंच नव्हतं. दादानं व्हायोलिन पेटीत ठेवलं, खटका बोटांनी चाचपून लावला आणि उठता उठता एवढंच म्हणाला, "डोळे तपासून घे."

चष्मे त्याच्याकडे दोन होते, पण नडीला एकही उपयोगाचा नव्हता. एक रस्त्यावरचा, त्यातून छडीवाल्यांच्या कोटाची बटणंसुद्धा दिसायची आणि पान म्हणजे नुसता धुरळा. दुसरा वाचायचा, बायकोनं हौसेनं घेतलेला, त्यात पुस्तक छातीशी धरलं तरच अक्षर लागायचं. दुसऱ्या तालमीला त्यानं तो लावला आणि स्टँड जवळ ओढला, इतका जवळ की गजाचं टोक स्टँडच्या काठाला आपटून टक् वाजलं आणि पुढच्या रांगेतल्या बाईंनी वळून पाहिलं. तिसऱ्या तालमीला त्यानं स्टँड लांब ढकलला. एरवी स्टँड बोटभर हलला तरी दादा भांडायचा. "ही काय तुझ्या सासऱ्याची जागा आहे?" म्हणायचा आणि पायानं स्टँड होता तिथं आणायचा. त्याच्या चपलेच्या टोकानं जमिनीवर स्टँडच्या पायांची जागा घासून पांढरी झाली होती. या दोन्ही दिवशी दादा काही बोलला नाही. माझी कीव करतोय, धाकट्याला वाटलं, आणि ती कीव त्याला ओरडण्यापेक्षा जास्त लागली.

चष्म्याच्या दुकानातल्या बाई तरुण आणि बडबड्या होत्या. त्यांनी त्याला अंधाऱ्या खोलीत बसवून अक्षरं वाचायला लावली, भिंगं बदलली, हे बरं की ते बरं, असं इतक्या वेळा विचारलं की शेवटी त्याला सगळंच बरं वाटायला लागलं. मग बाईंनी विचारलं, "तुम्ही वाचता ते नेमकं किती अंतरावर असतं?" त्यानं हात लांब केला. हाताच्याही थोडं पुढं, म्हणाला. आणि जरा खाली. आणि जरा उजवीकडे, कारण शेजारी भाऊ असतो. बाई हसल्या. "असं नाही चालायचं. तुमचं वाद्य घेऊन या उद्या." दुसऱ्या दिवशी तो व्हायोलिन घेऊन गेला. दुकानाच्या मधोमध स्टुलावर बसून त्यानं ते हनुवटीखाली धरलं, बाईंनी समोर पुठ्ठा धरला, मागं पुढं केला, एका पोऱ्याला टेप घेऊन बसवलं, आणि फ्रेम बघायला आलेले लोक फ्रेम सोडून त्याच्याकडे बघायला लागले. एका आजोबांनी विचारलं, काही वाजवणार की नुसतंच धरणार? बाई म्हणाल्या की हे अंतर ना जवळचं ना लांबचं, त्यासाठी वेगळा चष्मा करावा लागेल, तो लावून रस्त्यावर चालायचं नाही आणि पुस्तकही वाचायचं नाही, तो फक्त या पानासाठी. मग त्यांनी सहज विचारलं, "आणि भावाचं काय? त्यांना त्या अंतरावरून दिसतं?" त्याला हसू आलं. दादाला न दिसणं ही गोष्टच त्याच्या डोक्यात कधी शिरली नव्हती. "त्याला सगळं दिसतं," तो म्हणाला. "माझ्या न दिसणाऱ्या चुकासुद्धा."

नवा चष्मा लावून तो तालमीला बसला आणि पान समोर उभं राहिलं. पाचच्या पाच रेघा, ठिपके सुटे सुटे, कुणा जुन्या माणसानं पेन्सिलीनं केलेल्या खुणा, कागदाच्या कडेला चहाचा डाग. इतकं स्वच्छ, की वाजवायला सुरुवात करायच्या आधी तो नुसताच बघत बसला. बाकी सगळं धूसर होतं. छडीवाले म्हणजे हलणारी एक काळी आकृती, भिंतीवरचं घड्याळ नुसता पांढरा गोल. हातभर अंतरावर जे होतं तेवढंच दिसत होतं. आणि हातभर अंतरावर दादा होता. किती तरी वर्षांत धाकट्यानं दादाला वाजवताना असं पाहिलं नव्हतं. हनुवटीखालची कातडी लोंबायला लागली होती, कानातले केस पांढरे झाले होते, दाढी करताना गालावर एक पट्टा तसाच राहून गेला होता. आपला दादा, इस्त्रीची घडी मोडू न देणारा, असा अर्धवट दाढी करून येतो? मग त्यानं दादाचे डोळे पाहिले. दादा पानाकडे बघत नव्हता. तो पानाच्या कडेबाहेर, स्टँडच्या काठाच्याही थोडं वर बघत होता, जिथं काहीच नव्हतं. डोळे मात्र डावीकडून उजवीकडे सरकत होते, परत येत होते, पुन्हा सरकत होते, ओळी वाचल्यासारखे.

त्या दिवशी धाकटा चांगलं वाजवू शकला असता, पण त्याचा कान दादाकडे गेला तो परत आलाच नाही. दर नवी ओळ सुरू होताना दादा केसभर मागं होता. ऐकणाऱ्याला कळणार नाही, छडीवाल्यांनाही कळलं नव्हतं. धाकट्याला कळलं, कारण हा गुन्हा त्यानं स्वतः केला होता. वडील गेले तेव्हा दादा नुकता मिसरूड फुटलेला पोरगा. वडिलांची खुर्ची त्यानं घेतली, वडिलांचं व्हायोलिन घेतलं आणि संध्याकाळी स्वयंपाकघराच्या टेबलाशी धाकट्याला घेऊन बसायला लागला. वाजवत असलेल्या जागेवर तो एक जुनं पोस्टकार्ड ठेवायचा, म्हणजे पोराला पुढचं वाचावंच लागायचं. डोळा हाताच्या पुढं पाहिजे, म्हणायचा. धाकटा बिलंदर. दादानं एकदा वाजवून दाखवलं की त्याच्या कानात ते बसायचं, मग पानाकडे डोळे लावून तो कानातलंच उतरवायचा. एक दिवस दादानं पोस्टकार्ड तसंच त्याच्या नाकावर मारलं. "ओळ सुरू होताना तू मागं असतोस," दादा म्हणाला होता. "वाचणारा ओळीच्या आधी पोचलेला असतो. ऐकणारा वाट बघत बसतो." नाकाचं दुखणं गेलं, वाक्य राहिलं. आता तो वाट बघणारा गज त्याच्या उजव्या हाताला होता आणि वाट त्याचीच बघत होता.

घरी आल्यावर त्याला जेवण गेलं नाही. बायकोनं विचारलं, चष्मा लागत नाही का? लागतो, म्हणाला. फार चांगला लागतो. आणि मग पाण्याचा पेला हातात असताना त्याला ती चूक पुन्हा ऐकू आली, पहिल्यांदाच नीट. त्या शांततेत वाजलेला स्वर जाड होता. एका व्हायोलिनचा स्वर इतका जाड नसतो. दोन व्हायोलिनं वाजली होती. दुसरं केसभर मागून आलं होतं आणि त्याच्यातच मिसळलं होतं. दादा, ज्यानं उभ्या जन्मात विश्रांतीच्या जागी गज टेकवला नाही, तो आंधळेपणानं त्याच्या मागोमाग चुकीत उतरला होता. लोक हसले ते एकट्या धाकट्याला. म्हणून ती शीर उडत होती. मग एकेक गोष्ट आठवायला लागली आणि थांबेना. वहिनी हल्ली सकाळी दादाला पेपर वाचून दाखवतात. "मोठ्यानं वाचलं की माझ्या लक्षात राहतं, भाऊजी," असं त्या म्हणाल्या होत्या आणि त्यानं ते खरं मानलं होतं. दादा हल्ली जिन्याच्या कठड्याला धरून उतरतो. हॉटेलात बसलं की म्हणतो, तू सांगशील ते. स्टँड जवळ आला काय, लांब गेला काय, त्याला सारखंच होतं. जगातल्या सगळ्या चष्म्यांचं अंतर मोजून झालं आणि आपण शेजारच्या माणसाकडे पाहिलं नाही, या विचारानं त्याला स्वतःचा राग आला. त्या दुकानातल्या बाईंना ते एका वाक्यात सुचलं होतं.

तरी खात्री करून घ्यायची खुमखुमी गेली नाही. माणसाला नको ते बघायची हौस असते. कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यात, दुसऱ्या भागाच्या मध्यावर, पान संपत आलं तेव्हा त्यानं हात पुढं केला नाही. पुढचं पान त्याला पाठ होतं, तो वाजवत राहिला. मनातल्या मनात तो म्हणत होता, ओरड. दादा, "पान!" म्हणून ओरड, गजानं माझ्या गुडघ्यावर मार, चार लोकांत माझी शोभा कर. आयुष्यभर पान अर्धा श्वास उशिरा उलटलं तरी दादा दातांतून "पान" म्हणायचा, तो शब्द छडीवाल्यांपर्यंत जायचा. समोर जुनंच पान होतं, शेवटची ओळ संपून गेली होती, आणि दादा शांतपणे पुढचं वाजवत होता. त्याचे डोळे डावीकडून उजवीकडे सरकत होते, ओळीच्या शेवटी थांबत होते, खाली उतरत होते. मानही जराशी हलत होती, अवघड जागा आली की हलायची तशी. इतकी मन लावून केलेली नक्कल धाकट्यानं कधी पाहिली नव्हती. शेवटी त्यानंच घाईघाईनं दोन पानं एकदम उलटली, एक परत मागं आणलं, आणि आपण फार नीच काम केलं हे त्याला समजलं.

तालीम संपल्यावर लोक पांगले. हॉलची बाई पुढच्या रांगेतल्या खुर्च्या एकात एक घालत होती, त्यांचा खडखडाट चालला होता. दादा उठला नाही. व्हायोलिन मांडीवर ठेवून तो बसून राहिला, म्हणून धाकटाही बसला.

"पानाचा आवाज आला नाही," दादा म्हणाला.

धाकटा स्टँडवरची पानं सारखी करायला लागला.

"दुसऱ्या भागात. हात पुढं आला की तुझ्या बाहीचा आवाज येतो, मग पानाचा. आज दोन्ही आले नाहीत."

"दादा, मी विसरलो."

"तू विसरणाऱ्यातला नाहीस. मीच शिकवलंय तुला." दादाच्या आवाजात राग नव्हता, तेच ऐकवत नव्हतं. "म्हटलं, याला बघायचंय तर बघू दे. ओरडता आलं असतं. पण मग तू पुढच्या वेळी अजून काही तरी केलं असतंस."

"कधीपासून?"

"मागच्या हंगामापासून म्हण. मधलं गेलंय. कडेचं दिसतं, त्यामुळे चालतो, फिरतो, माणसं अंगावर आली की बाजूला होतो. जिकडे बघावं तिथं मात्र डाग. तुझं तोंड बघायचं तर तुझ्या कानाकडे बघावं लागतं." तो थोडा हसला. "कान काही बघण्यासारखे नाहीत तुझे."

"अरे, पण चष्मा... ती दुकानातली बाई फार हुशार आहे, तिला दाखवू. नाही तर मोठ्या डॉक्टरला दाखवू."

"दाखवलंय सगळं. तुझ्या वहिनीनं एक डॉक्टर सोडला नाही. चष्म्यानं होण्यातलं नाही ते." दादानं गजाचा स्क्रू फिरवून केस सैल केले, रोज करायचा तसे, न बघता. ते काम तो पूर्वीही न बघताच करायचा. "मी सरांना सांगणार आहे. त्यांनी पान ठेवायचं आणि मी समोर उभं राहायचं, हे मला जमणार नाही. शनिवारचा कार्यक्रम झाला की सांगतो. तू जा परीक्षेला. तुझा चष्मा चांगला झालाय, हल्ली तू ओळीच्या आधी पोचतोस. ऐकू येतं मला."

धाकट्याला म्हणायचं होतं की तू नसशील तर मी पण नाही येणार. तोंडाशी आलंही होतं. पण ते म्हटलं असतं तर दादानं ते पोरकट ठरवलं असतं, आणि ते होतंही पोरकट. इतकी वर्षं हा माणूस आपल्याला सांभाळत होता असं तो धरून चालला होता. आणि गेलं वर्षभर हा आपल्या गजाला धरून चालत होता, हे कळायला त्याला एक भिंग लागलं. त्याच्या मनात आलं, निदान तेव्हाच कळलं असतं तर वर्षभर जपून वाजवलं असतं. दिसत नसताना अंदाजानं ठोकलेले किती तरी स्वर त्याला आठवले. ते सगळे दादानंही वाजवले असणार.

"शनिवारपर्यंत एक कर," दादा म्हणाला. "तू चुकू नकोस. तू चुकलास की मी चुकतो."

"नाही चुकणार."

"आणि आता घाई नसेल तर शेवटचं पान वाचून दाखव. स्वर मला माहीत आहेत, तुझ्याकडून ऐकलेत. बाकीचं सांग. कुठं हळू, कुठं जोरात, कुठं गज उचलायचा. तेवढं कानाला कळत नाही, आणि तू सगळं सरसकट वाजवतोस."

धाकट्यानं शेवटचं पान काढलं. बाई आता मागच्या खुर्च्यांपर्यंत आली होती; या दोघांना बघून ती दुसऱ्या बाजूला वळली. त्यानं वाचायला सुरुवात केली. पहिली ओळ, अगदी हळू. मग वाढवत न्यायचं, पण एकदम नाही. इथं गज उचलायचा. इथं खाली लिहिलंय की गाण्यासारखं. दादा मान पुढं करून ऐकत होता, डोळे त्याच्या कानाकडे, आणि मांडीवरची बोटं त्या त्या जागी हलकेच दाबली जात होती. दुसरी ओळ, हळूच. पुन्हा हळू. मग त्याहून हळू. तिसऱ्या ओळीच्या मध्यावर धाकटा थांबला.

"का थांबलास?" दादानं विचारलं. "ओळ संपली नाहीये अजून."

चष्मा नवा होता, नंबर अचूक होता, अंतर टेपनं मोजलेलं होतं. समोरच्या पानातलं धाकट्याला आता काही दिसत नव्हतं. त्यानं डोळे पुसले नाहीत, हाताची हालचाल दादाला कडेनं दिसली असती. "विरत जायचं," तो अंदाजानं म्हणाला, "शेवटपर्यंत विरत जायचं," आणि दादानं मान हलवली.